सतरा नंबरची दांडी

यादीत तेवीस वस्तू होत्या आणि त्यांतल्या बावीस मला ओळखता आल्या. जॅक, चाकाचा पाना, इंजिन फिरवायचं हँडल, हवेचा पंप, ग्रीसगन, प्लगपाना, दोन पकडी, एक हातोडी, असं सगळं. सतराव्या ओळीत मी लिहिलं, ‘लोखंडी दांडी, एक. उपयोग माहीत नाही.’ मला अशी ओळ आवडत नाही. पुढचे तीन आठवडे ती माझ्या डोक्यात बसून राहिली.

यादी माझ्या वडिलांच्या जीपच्या हत्यारांची होती. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. दिंडोरीजवळ आमची द्राक्षबाग आहे. नानांनी देवळालीच्या लिलावातून लष्कराची जुनी जीप आणली तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. त्या जीपमधून द्राक्षाच्या पेट्या गेल्या, खताच्या गोण्या आल्या, गावातल्या बाळंतिणी नाशिकला गेल्या आणि बाळं घेऊन परत आल्या. नाना गेले त्याला वर्ष झालं. जाण्याआधी त्यांनी एवढंच सांगितलं होतं, गाडी भंगारात घालू नका, चालवणाऱ्याला द्या.

चालवणारा शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरातली अशी कामं माझ्याकडेच येतात. मी नाशिकला राहते, शाळेच्या कार्यालयात पंचवीस वर्षं काढली आहेत. चौकशी केल्यावर देवळालीत एक निवृत्त सुभेदार सापडले. ते लष्कराच्या जुन्या गाड्या घेऊन, वर्ष-दोन वर्षं खपून पुन्हा चालत्या करतात. त्यांनी फोनवरच दोन याद्या मागितल्या. एक हत्यारांची, एक गाडीच्या दुखण्यांची. मला माणूस लगेच पटला.

“एक गोष्ट सांगून ठेवतो ताई,” ते म्हणाले. “गाडीचं आहे ते सगळं गाडीबरोबर आलं पाहिजे. एक पानासुद्धा घरात राहता कामा नये. आणि घरातला एक चमचा गाडीत येता कामा नये.”

“मंजूर,” मी म्हणाले.

दुखण्यांची यादी सोपी होती. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. दुसरा गिअर अडतो. मागचा एक दिवा लागत नाही. सहाव्या ओळीत मी लिहिलं, ‘थंडीच्या दिवसांत रोज संध्याकाळी बिघडते. कारण कधी सापडलं नाही.’ हे आमच्या सगळ्या गावाला माहीत होतं. माझ्या लहानपणी नाना नाशिकहून माल घालून दिवेलागणीला परत यायचे, जीप गोठ्यामागे लावायचे आणि बॉनेट उघडून अर्धा तास तिथे बसायचे. आजी ओट्यावरून ओरडायची, “रोज काय मरतं रे तुझ्या गाडीचं?” नाना तिकडून म्हणायचे, “बघतोय.” उन्हाळा लागला की गाडी आपोआप बरी व्हायची. गावात कुणाचा बैल कामचुकार निघाला तर लोक म्हणायचे, ह्यानं नानाच्या गाडीचं पाणी पिलंय.

आता ती दांडी. लांबी साधारण दीड हात. एका टोकाला आडवी मूठ, दुसऱ्या टोकाला बेचक्यासारखी फट. कुठे नंबर नाही, छाप नाही. बाकीच्या बहुतेक हत्यारांवर काही ना काही कोरलेलं होतं. ती मला हत्यारांच्या पेटीत सापडलीही नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेली होती, आणि गेली कित्येक वर्षं तिथेच होती. खंडेनवमीला नाना अंगणात गोणपाट टाकून सगळी हत्यारं मांडायचे आणि पूजा करायचे. आई आपली हत्यारं वेगळी मांडायची: विळा, विळी, खुरपं, द्राक्षाची कात्री. ही दांडी आईच्या रांगेत असायची. तिला पहिलं कुंकू लागायचं. त्यामुळे ती स्वयंपाकघरातलीच काहीतरी असेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. पण या वेळी मुठीखाली बोटभर जागेत जुना हिरवा रंग दिसला. जीपच्या हँडलवर होता तसाच, लष्करी. म्हणून मी ती काढून पेटीत ठेवली आणि यादीत घेतली.

पुढच्या रविवारी गावी गेले तर पेटीत बावीसच वस्तू. दांडी परत खिळ्यावर.

“आई, ही पेटीत ठेवली होती मी.”

“ती गाडीची न्हाई,” आई मेथी निवडत म्हणाली.

“मग कशाची आहे?”

“असंल कशाची तरी. तुला काय, सगळ्याचं नाव लागतं.”

“हिरवा रंग आहे हिला. गाडीचाच.”

“मग घासून टाक रंग.”

आईचं वय अठ्ठ्याहत्तर आहे. नाना गेल्यावर तिने त्यांचा कोट चुलतभावाला दिला, काठी शेजाऱ्यांना दिली, घड्याळ माझ्या मुलाला दिलं, चष्मा डोळ्यांच्या शिबिरात. प्रत्येक वेळी मीच विचारलं, तुला काही ठेवायचं का? प्रत्येक वेळी ती म्हणाली, मला काय करायचंय. आणि आता ही एक दांडी ती सोडत नव्हती. ती गाडीची निघाली असती तर शब्दाप्रमाणे मला ती तिच्याकडून घ्यावी लागणार होती. गाडीची नसती तर प्रश्नच मिटला. म्हणजे ती काय आहे हे कळणं भाग होतं. खरं सांगायचं तर ती गाडीची नसावी, अशीच माझी इच्छा होती. पण इच्छा यादीत लिहिता येत नाही.

मी रीतीने सुरुवात केली. शेजारचे काका म्हणाले, द्राक्षाच्या मांडवाची तार ओढायचं हत्यार आहे, शंभर टक्के. मी बागेत जाऊन तार बेचक्यात धरून ओढली. तार सुटली आणि माझ्या चष्म्याला लागली. काका म्हणाले, मग नव्वद टक्के. जीपचं बॉनेट उघडून मी दिसेल त्या नटाला ते बेचकं लावून पाहिलं आणि जे बसलं नाही ते खोडत गेले. कुठेच बसलं नाही. पट्टी शेजारी ठेवून फोटो काढला आणि सुभेदारांना पाठवला. उत्तर आलं, ‘हातात घेतल्याशिवाय बोलणार नाही.’

शेवटी म्हटलं, ज्यांच्याकडे जीप दुरुस्तीला जायची त्या मिस्त्रींना दाखवू. दिंडोरी नाक्यावर त्यांचं गॅरेज आहे, आता मुलगा बघतो, ते खुर्ची टाकून बसतात. दांडी एक दिवसासाठी न्यायची म्हटल्यावर आईने ती खिळ्यावरून काढली, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळली आणि दोन्ही टोकांना गाठ मारली.

“सांजच्याला परत आण.”

“आणते.”

“ऱ्हाईली तिथं, असं नको.”

मिस्त्रींनी फडकं सोडलं, दांडी उलटसुलट केली आणि माझ्या नाकासमोर धरली.

“वास घ्या ताई.”

“कसला?”

“कसलाच येत न्हाई ना? गाडीचं हत्यार वीस वर्षं धुतलं तरी त्याला आइलाचा वास ऱ्हातो. ह्याला न्हाई.” मग त्यांनी नखाने बेचक्याच्या आतला भाग खरवडला. पांढरा चुरा पडला. “हे काय हाय सांगा.”

“चुना?”

“तुमच्या घरी पाणी तापवायच्या भांड्याला आतून बसतं बघा, तेच. हे पाण्याचं हत्यार हाय. आइलाचं न्हाई.”

“म्हणजे गाडीचं नाही?”

“असं कुठं म्हटलं मी,” मिस्त्री म्हणाले. “गाडीत काय पाणी नसतं?”

मी यादीत सतराव्या ओळीपुढे कंसात लिहिलं, पाणी. आणि सांजच्या आत दांडी परत नेऊन दिली. आई दारातच उभी होती.

त्यानंतरच्या आठवड्यात, ऐन थंडीत, सुभेदार गाडी बघायला गावी आले. दुपारी आले, कोट काढला, बाह्या वर केल्या आणि कामाला लागले. बॅटरी त्यांनी बरोबरच आणली होती. तासाभराने जीप सुरू झाली. वर्षभराने तो आवाज ऐकल्यावर आई हातातली परात घेऊनच बाहेर आली. सुभेदारांनी मला शेजारी बसवून गावाबाहेरच्या रस्त्यावर अर्धा तास गाडी चालवली, आणि परत येऊन सवयीने असावं तशी गोठ्यामागेच लावली. सवय त्यांना नव्हती, जागा तेवढीच होती.

“ब्रेक ओढतो, कबूल. गिअर अडतो, कबूल. पण हे सहावं दुखणं मला पटत नाही,” ते म्हणाले. “इंजिन शिस्तीत आहे. थंडीत बिघडायला त्याला काही कारणच नाही.”

“पण बिघडायची. मी डोळ्यांनी बघितलंय.”

“बरं. ती सतरा नंबरची वस्तू कुठे आहे?”

मी दांडी आणली. आई दारातून बघत होती. सुभेदारांनी ती हातात घेतली, बेचक्यावरून अंगठा फिरवला, कसलाही विचार न करता गोणपाट टाकलं आणि गाडीच्या तोंडाखाली आडवे झाले. दांडी जाळीच्या खालून आत गेली. कुठेतरी टक असा आवाज झाला.

“या इथे, वाकून बघा.”

मी वाकले. रेडिएटरच्या तळाला एक लहान तोटी होती आणि तिच्या पितळी पाकळीवर दांडीचं बेचकं नेमकं बसलं होतं. पुढच्या आडव्या पट्टीमुळे तिथे हात जातच नाही. बाहेरून मूठ फिरवली की आत तोटी उघडणार. मी नट तपासत होते. तोटी माझ्या यादीतच नव्हती.

“पाणी सोडायची दांडी,” सुभेदार उठून हात झटकत म्हणाले. “डोंगरात, बर्फाच्या जागी, रात्री रेडिएटरमध्ये पाणी ठेवलं तर गोठून इंजिन फुटतं. म्हणून संध्याकाळी सोडून द्यायचं. थंडीने बोटं वळत नाहीत, म्हणून युनिटच्या वर्कशॉपमध्ये अशा दांड्या बनवून घ्यायचे. नंबर असतो तो स्टोअरमधून आलेल्या मालाला. ही हाताने केलेली आहे, हिला नंबर कोण देणार?”

“म्हणजे गाडीचीच.”

“गाडीचीच.”

मी दाराकडे पाहिलं. आई आत निघून गेली होती.

“पण एक कळत नाही,” सुभेदार म्हणाले. “बेचक्याच्या कडा बघा, कशा झिजल्यात. पाकळीही झिजली आहे. ही वर्षानुवर्षं वापरलेली आहे, आणि तो क्षार तुमच्या इथल्या विहिरीच्या पाण्याचा आहे. तुमच्याकडे थंडी पडते, पण रेडिएटर गोठेल अशी नाही. मग रोज पाणी कोण सोडत होतं? आणि कशाला?”

माझ्या हातात दोन्ही याद्या होत्या. एकीवर सतरावी ओळ, दुसरीवर सहावी. थंडीचे दिवस, रोज संध्याकाळी, गोठ्यामागे. मी सुभेदारांना म्हटलं, चहा घेऊन आलेच, आणि स्वयंपाकघरात गेले.

आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. चहाचं आधण उकळून वर आलं होतं आणि ती नुसती बघत होती. मी गॅस बारीक केला.

“आई, नाना रोज पाणी कशाला सोडायचे?”

“आता काय करायचंय तुला.”

“गाडी बिघडत नव्हती ना?”

ती पाटावर बसली आणि पाय पदराखाली ओढून घेतले.

“माझ्या टाचा फुटायच्या,” ती म्हणाली. “लय फुटायच्या. द्राक्षाचे घड औषधात बुडवायच्या दिवसात सकाळधरनं ओल्या सरीत उभं ऱ्हायचं. कातडं फाटून रगत यायचं. सांजच्याला घरी यावं तर चुलीवरचं पाणी आधी गड्यांना, मग पोरांना, मग सासूबाईंना. सुनेपर्यंत येस्तोवर जाळ विझलेला. गार पाण्यानं पाय धुतले की जीव जायचा.”

“मग?”

“मग काय. एक दिस हे आले नाशकावरनं. मला म्हणाले, गोठ्यामागं ये, घमेलं घेऊन. मला वाटलं गाडीतनं काय उतरवायचं असंल. गेले तर ही दांडी घातली नि घमेल्यात सोडलं पाणी. वाफा निघत होत्या. म्हणाले, पाय घाल.”

“आणि तू घातलेस?”

“मी म्हटलं, कुणी बघंल. तर बॉनेट उघडलं, पाना घेतला हातात नि बसले गाडीच्या पल्याड. म्हणाले, कुणी आलं तर मी गाडी नीट करतोय.” आईला हसू आलं. तिने पदर तोंडाला लावला. “रोज. द्राक्षं संपेस्तोवर रोज. पाणी गंजाचं, तांबडं. पाय तांबडे व्हायचे. सासूबाई इचारायच्या, आपली माती काळी नि हिचे पाय तांबडे कसे?”

“कळलं नाही त्यांना?”

“म्हातारीला वाटलं गाडीच खराब. सगळ्यांनलाच वाटलं. बायकोच्या पायाला पाणी देतो म्हटल्यावर त्येंला गावात तोंड वर काढू दिलं असतं का कुणी? आधी माझ्यावरनं हसले असते, मग त्येंच्यावरनं.”

माझ्या आठवणीत नानांनी आईला चारचौघांत कधी नावानेही हाक मारलेली नाही. ‘ऐकलं का’ एवढंच. सणाच्या दिवशी आई त्यांच्या पाया पडायची आणि ते दुसरीकडे बघत उभे राहायचे. मला ते कोरडे वाटायचे. मी दहा-बारा वर्षांची असताना गोठ्याकडे गेले होते, तेव्हा नाना अंगावर ओरडले होते, “इकडं येऊ नको, आइल सांडलंय!” मी पळत परत आले होते. त्या वेळी आई गाडीच्या अलीकडे होती की पलीकडे, हे मी कधी बघितलंच नाही.

“खिळ्यावर कुणी लावली?”

“त्येंनीच. घरात गॅस आला, मग सौर पाणी आलं. एक दिस दांडी आणून माझ्या हातात दिली. म्हणाले, आता तुझ्याजवळ ठेव.” आई पाटावरून उठली. “म्हणून म्हटलं, गाडीची न्हाई. पण ते सायेब म्हणत्यात गाडीची. तू शब्द दिला असशील तर ने.”

मी चहा गाळला. तीन कप भरले. मग मोरीतून घमेलं घेतलं.

“ते कशाला?” आई म्हणाली.

“इंजिन अजून गरम आहे. चल.”

“येडी का काय तू. परकं माणूस हाय तिथं.”

“चल ना.”

ती आली. सुभेदारांना मी चहा दिला आणि एवढंच म्हणाले, “साहेब, जरा पाणी सोडायचंय.” त्यांनी माझ्या हातातलं घमेलं पाहिलं, आईचे अनवाणी पाय पाहिले. मग कप घेऊन ते गाडीच्या पलीकडे गेले. “मी जरा या बाजूची हवा तपासतो,” ते म्हणाले. त्या बाजूची हवा त्यांनी आल्याआल्याच तपासली होती.

टोपण मी फडक्याने जपून उघडलं, कारण ते कसं उघडायचं हे नानांनी मला शिकवलं होतं. दांडी आत घातली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा टक झालं. मूठ फिरवली आणि तांबूस पाणी घमेल्यात पडायला लागलं. वाफ आली. थोडं थंड पाणी मिसळून मी हात घालून बघितला. आई दगडावर बसली, लुगडं घोट्यापर्यंत वर घेतलं आणि पाय आत सोडले. तिच्या टाचा आता मऊ आहेत, पण जुन्या भेगांच्या रेघा बोटाला लागतात. मी त्या अंगठ्याने चोळल्या. ती बागेकडे बघत राहिली. पाणी कोमट होईपर्यंत आम्ही तशाच बसलो.

मग मी दांडी आईच्या हातात दिली, हात पुसले, पेन काढलं आणि सतराव्या ओळीत लिहिलं, ‘रेडिएटरचं पाणी सोडायची दांडी. गाडीचीच आहे. देणार नाही.’ कागद सुभेदारांना दिला.

त्यांनी वाचला. “गाडीची आहे म्हणता आणि देणार नाही म्हणता.”

“हो. शब्द मोडतेय. गाडी नको असेल तर तसं सांगा.”

त्यांनी कागद उलटा केला, बॉनेटवर ठेवला आणि आईकडे हात पुढे केला. “मावशी, दोन मिनिटं देता? लगेच परत करतो.” आईने माझ्याकडे बघून दांडी दिली. त्यांनी ती यादीच्या मागे तिरकी ठेवली, ती कागदात मावली नाही, म्हणून मी दुसरा कागद जोडून धरला. पेन्सिलीने त्यांनी तिची कड काढून घेतली, मुठीची, बेचक्याची, आणि जाडी बाजूला लिहिली. “आमचा लोहार करून देईल,” ते म्हणाले. “तिलासुद्धा नंबर नसेल.” दांडी त्यांनी दोन्ही हातांनी परत दिली.

पाणी परत भरल्याशिवाय गाडी नेता येणार नव्हती. आईने स्वतः कळशी आणली. सुभेदार भरत असताना ती शेजारी उभी राहून माझ्या हातातल्या दुसऱ्या यादीकडे बोट दाखवत म्हणाली, “त्येच्यात गाडीचं काय काय लिहिलंय?”

मी वाचून दाखवलं. ब्रेक. गिअर. दिवा. सहाव्या ओळीशी थांबले.

“ते खोड,” आई म्हणाली. मग सुभेदारांना ऐकू जाईल अशा आवाजात, “सायेब, गाडी कधीच बिघडत नव्हती. आमच्या घरातच असं सांगायची पद्धत होती.”

“मला वाटलंच होतं मावशी,” ते म्हणाले आणि टोपण घट्ट बसवलं.

मी सहावी ओळ खोडली. आईने वाकून नीट खोडली आहे की नाही ते पाहिलं, आणि दांडी घेऊन खिळ्याकडे गेली.